पौषातले सहस्रकुंड

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर एक मोठे वर्तुळ काढले आणि त्याच्या आत एक लहान. "मोठे ते तुमचे दिसणे, शास्त्रीजी, लहान ते यांचे," असे म्हणून त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिले. काचबिंदूने तिची दृष्टी कडांकडून मिटत आली होती. औषधाने उरलेले बहुधा टिकेल; गेलेले परत येणार नाही. त्याआधी केसपेपर करताना कारकुनाने जिल्हा विचारला, तेव्हा मी सवयीने "उस्मानाबाद" म्हणून गेलो होतो. शेजारून ती हळूच म्हणाली, "आता लातूर म्हणायचं. नवा जिल्हा झालाय की." जन्मभर शब्द शिकवणारा मी, आणि माझ्याच घराचा पत्ता तिने मला दुरुस्त करून दिला.

बाहेर कडुनिंबाखाली बसल्यावर तिने विचारले, "अहो, आता तरी दाखवता का सहस्रकुंड?"

हा प्रश्न तीस वर्षांचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिची मावशी तो धबधबा पाहून आली होती, आणि तेव्हापासून हिची माझ्याकडे एवढी एकच मागणी होती. परंतु पैनगंगा भरून वाहते ती श्रावण-भाद्रपदात, आणि माझा श्रावण कधी माझा नव्हता. सकाळी शाळेत संस्कृत, नंतर उदगीरच्या यजमानांकडे रुद्राभिषेक, सोमवारची उद्यापने, सप्ताह. "पुढच्या वर्षी," असे मी म्हणत असे. देवाच्या कामासाठी थांबवतो आहे, त्यात दोष कसला, असे मला वाटे. आता मुहूर्त नसलेला पौष होता म्हणून मी मोकळा होतो, आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. धबधब्याचा हंगाम संपला होता. तिच्या डोळ्यांचाही संपत आला होता. इतकी वर्षे जी सेवा केली ती देवाची की माझ्याच मोठेपणाची, ही शंका मला त्या कडुनिंबाखाली प्रथम आली, आणि ती आल्यावर मला जागेवरून उठवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. हिमायतनगरला गाडी बदलताना कंडक्टरने माझ्या शेंडीकडे आणि हिच्या हातातल्या डब्याकडे पाहिले. "पौषात सहस्रकुंड? म्हाराज, तिथं नुसते धोंडे हायत आता. धबधबा गेलाय सुट्टीवर!" गाडीतले लोक हसले. तीही हसली. मला मात्र तिच्याकडे पाहवले नाही.

पोहोचलो तेव्हा दिवस चांगलाच वर आला होता. चहाच्या टपऱ्यांवर तरटे ओढलेली होती आणि देवळाच्या पायरीवर एक कुत्रे उन्हाला पडले होते. मी नदीवर स्नान केले, सोवळे नेसलो आणि तांब्याचा कलश हाती घेतला. महादेवाला पैनगंगेच्या पाण्याचा अभिषेक करावा आणि तिच्या डोळ्यांसाठी मागणे मागावे, असा संकल्प होता. त्याआधी तिला कड्याशी नेले. समोर काळ्या खडकाची भिंत होती, आणि पंचपात्रीतून सांडावी तशी तिच्या एका कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार उतरत होती.

"कुठाय?" तिने विचारले. "आवाज येत नाही. सांगा ना, कसा दिसतो?"

मी वर्णन करू लागलो. शुभ्र प्रपात, तुषार, त्यांवर इंद्रधनुष्य. इतकी वर्षे पाठ केलेली विशेषणे आपोआप जिभेवर आली. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग माझे मनगट दाबून म्हणाली, "पाणी न्हाई ना? मग न्हाई म्हणा. मी काय रडणार आहे का?"

त्या क्षणी माझ्यापाशी एकही श्लोक उरला नाही. संकल्पातले सारे मागणे गळून पडले आणि मनात एवढेच आले: हिला काहीतरी दाखव. कसे, ते मला सांगता येत नाही.

खालून आवाज आला. "कोन हाय वर? काय पाहून राहिले?" खडकांमध्ये एक प्रौढ भोई जाळे सांधत बसला होता. धबधबा पाहायला आलो होतो, असे मी सांगितले. "त्यो आता आखाडात येईल. खाली या की, कुंडं बघा."

"कुंडे?" मी विचारले.

"मंग! जागेचं नाव काय हाय? सहस्रधबधबा हाय का?"

ज्यात सहस्र कुंडे आहेत ते सहस्रकुंड, बहुव्रीही समास. हा विग्रह मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन! समास सोडवला आणि तेथेच सोडून दिला. नावात धबधबा कोठेच नाही, हे एकदाही ध्यानी आले नाही.

तो वर आला आणि त्याने हात पुढे केला. "चला माय, धरा." हिने क्षणाचाही विचार न करता तो धरला. मी मागून एकटाच उतरू लागलो, कारण मी सोवळ्यात होतो. तिसऱ्या पावलाला शेवाळ लागले, पाय निसटला आणि कलश खणखणत खाली गेला. त्याने दुसरा हात माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे होईना. तेव्हा तो हसून म्हणाला, "धरा म्हाराज! इटाळ वाटला तर खाली धुवून टाका. दुष्काळ हाय, पर हितं तेवढं पानी हाय."

मी तो हात धरला. त्याला माशांचा वास होता आणि पकड घट्ट होती.

खाली नदीच्या पात्रात खडकभर कुंडे पसरली होती. काही उखळाएवढी, काही रांजणाएवढी, पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि प्रत्येकात स्थिर पाणी. एरवी ही सारी पुराखाली असतात. ती एका कुंडापाशी गुडघ्यांवर बसली आणि वाकून आत पाहू लागली.

"अहो," ती म्हणाली, "हे अख्खं दिसतंय. कडेसकट."

डॉक्टरांचे ते लहान वर्तुळ मला आठवले. आभाळाएवढा प्रपात त्यात कधीच मावला नसता. हे कुंड मावले. त्यात आभाळ होते आणि वाकलेला तिचा चेहरा होता. ती एकावरून दुसऱ्याकडे जाऊ लागली, आधी हाताने काठ चाचपून, मग डोळ्यांनी. "माय, हजार बघायला उद्या उजाडल!" भोई म्हणाला. "मला काय घाई?" ती म्हणाली. पोचा पडलेला कलश तिने स्वतः एका कुंडातून भरला, आणि त्या दिवशी महादेवाला पाणी तिने घातले. मी नुसता हात जोडून उभा होतो. मागण्यासारखे काही राहिले नव्हते.

त्या वर्षी गावोगाव विहिरी आटल्या, दावणीची गुरे गेली. त्या दुष्काळाला कृपा म्हणण्याचे पाप मी करणार नाही. त्या भोयालाही कोणाचा अवतार म्हणणार नाही. तो जाळे सांधत बसलेला माणूस होता, आणि त्याने हात दिला. एवढेच सांगतो की मी मागितले होते, आणि मिळाले ते माझ्या मागण्याहून नेमके होते. औषध लागू पडले. लहान वर्तुळ अजून तेवढेच आहे. सांजवात तीच लावते, आणि ज्योत तिला अख्खी दिसते.

शरणागतीवर मी पुष्कळ प्रवचने केली. तिचा अर्थ मात्र मला त्या निसरड्या खडकावर कळला: हात पुढे आला की धरावा. सोवळे मागाहून धुऊन वाळत घालता येते.