पार्बताबाईनं अडवलेली डीपी

आमच्या हिवरखेडच्या माळीपुऱ्यात लाइट गेली की लोक आधी मेणबत्ती शोधत नाहीत, चंद्रभानला हाक मारतात. लाइनमन तेल्हाऱ्याहून यायला वेळ लागतो. चंद्रभान कोरडी काठी घेऊन ट्रान्सफॉर्मरच्या डीपीकडे जातो, तिची पेटी उघडून फ्यूज बसवतो, आणि आळी उजळते. ही आमची रीत. या रीतीला आडवी येते ती एकटी पार्बताबाई.

पार्बताबाई म्हणजे सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, नि पालकाचे वाफे लावणारी, सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन बाजार गाठणारी बाई. तिचा नवरा खुशालराव याच डीपीवर गेला. लाइन बंद आहे, ही खात्री करूनच त्यानं हात घातला होता. पण कुणीतरी घरचा जनरेटर सुरू करून त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली होती, आणि घराचा मेन स्विच तसाच चालू ठेवला होता. करंट मीटरमधून उलटा चालत डीपीपर्यंत आला. कुणाच्या घरून आला, हे पार्बताबाईनं कधी विचारलं नाही. मात्र तेव्हापासून लाइट गेली की ती आळीभर फिरते आणि दारोदार एकच विचारते, "मेन पाडला का?" पोरं तिला लाइनमनबाई म्हणतात.

यंदाच्या चैत्रात दिवस कलताना वादळ सुटलं. लिंबाच्या फांद्या मोडून तारांवर पडल्या, लाइट गेली. फिरत फिरत पार्बताबाई शेषरावांच्या दारी आली, तर अंगणात जनरेटर धडधडत होता आणि आत पंखा, टीव्ही, सगळं चालू. दम्यानं खंगलेले शेषराव श्वासाच्या मशीनची नळी नाकात घालून बसले होते. समोर चंद्रभान काठी घेऊन डीपीकडे निघालेला.

"चंद्रभान, थांब! पेटीले हात नको लावू!"

"काहून काकू? तुमाले अंधारात भाकर दिसते, मले नाई दिसत."

"हर्षा घरी वाट पाहून राहिली तुयी. मी आल्याबिगर पेटी उघडजो नको."

बायकोचं नाव ऐकून तो हसला, पण थांबला.

आत शेषरावांचा मुलगा धर्मेंद्र होता.

"मेन पाड, धर्मा."

"कुठचा मेन काकू? ठिणग्या मारे, म्हून मागच्या साली स्विच काढून तारा डायरेक्टच जोडून टाकल्या."

"मंग जनरेटर बंद कर."

"अन् बाबाचा श्वास? तो तुमी देता का?"

पार्बताबाईनं मशीनच्या वायरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मशीनची पिन सरळ जनरेटरले लाव ना. साऱ्या घराले करंट कायले पायजे? घराले दमा हाये का?"

धर्मेंद्रचं पाऊल उचलेना. वायर बदलायची म्हणजे तेवढा वेळ मशीन बंद. शेवटी शेषरावांनीच हात उचलून खूण केली. बंद कर.

जनरेटर थांबला. पंखा रेंगाळत रेंगाळत उभा राहिला. त्या शांततेत म्हाताऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, ओल्या कुटाराच्या भुशातून कुणी पाय ओढत चालावं तसा. पार्बताबाईनं त्यांना पुढं वाकवून धरलं, पाठीवर तळवा ठेवला. "हळू, भाऊ, हळू." ओठ निळसर पडले. धर्मेंद्रनं भिंतीतली वायर उपसून फेकली, लांब वायरचा बोर्ड जनरेटरला जोडून खिडकीतून आत ओढला. घाईत त्याची पिन दोनदा चुकली. मग जनरेटर धडधडला, मशीन गुरगुरलं. पंखा जागीच राहिला.

ओठांवर रंग परतलेला पाहूनच पार्बताबाई उठली आणि डीपीपाशी आली.

"टाकू आता फ्यूज?" चंद्रभाननं विचारलं.

"नाई. मी एक घर पाह्यलं. कोणाकोणाचा मेन डायरेक्ट हाये, कोणाले ठाऊक? लाइनमनले येऊ दे."

"तो आज काई येत नाई, काकू. लोक शिव्या देतीन."

"देऊ दे. शिवीनं माणूस मरत नाई."

डीपीच्या ओट्यावर ती पदर खोचून बसली. चंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं आणि काठी खाली टाकली.

त्या दिवशी सारा माळीपुरा अंधारात जेवला, आणि घरोघर पार्बताबाईचा उद्धार झाला. चंद्रभानही जेवला, आपल्या घरी, हर्षानं वाढलेलं.