कौसाआक्काची मागची कनात

कौसाआक्का कोणत्याही गावात उतरली की आधी तंबूच्या मागे जायची. मागची कनात कशी बांधली आहे ते पाहायची आणि घट्ट गाठ दिसली की बांधणाऱ्याचा उद्धार करायची. "एका हिसक्यात सुटंल अशी मार. फास न्हाई लावायचा कुनाला!" नारळ फोडणं त्यानंतर.

नेकनूरच्या बाजारात डफावर गाणारी ही बाई मुंबईला जाऊन तबकडी करून आली होती. लग्नाच्या मांडवात तिची तबकडी वाजायची, पण तिला मांडवात कुणी बोलावत नसे. तिला याचं हसू यायचं, मला राग. मी तिच्या मागे उभी राहून झील धरायची. तिची ओळ संपली की माझी.

बहात्तरच्या दुष्काळात जत्रा बंद पडल्या, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. आम्हाला सुपारी देणारे उरले ते साखर कारखान्यांचे पुढारी. अशाच एका कारखान्यावर सभासदांच्या मेळाव्यात भरदुपारी आमचं गाणं होतं. त्याआधी संचालकाचा माणूस आला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गाणं झालं की हिला बंगल्यावर धाडा. सायबांनी सांगितलंय."

"बरं," आक्का म्हणाली.

हिने मला विकलं, असंच मला वाटलं. तो गेल्यावर ती माझ्या पायाशी बसली आणि पळताना वाजू नयेत म्हणून माझे चाळ सोडू लागली. "तिसऱ्या गान्याला निघ. माजा आवाज चालू हाय तवर मागं कुनी बगत न्हाई."

"आन् तुमी?"

"मला गायचंय."

तिसरं गाणं सुरू झालं. मी मागे सरकत गेले, कनातीची गाठ ओढली आणि पळत सुटले. सडकेवर शिरूर कासारला निघालेला मजुरांचा ट्रक उभा होता, त्यात चढले. भोंग्यावर तिची ओळ संपली. आता झील कोण धरणार, म्हणून माझा जीव गोळा झाला. तीच गायली, हुबेहूब माझ्या आवाजात. ट्रक हलला आणि भोंगा मध्येच बंद पडला.

त्या दिवशी संचालकाच्या माणसांनी तिला ओढून मारलं, गळ्यावरही. ती पुन्हा गायली नाही. हे मला आमच्या ढोलकीवाल्याकडून वर्षाने कळलं. भीतीपोटी मी तोवर तिकडे फिरकलेच नव्हते, याची लाज अजून वाटते.

शेवटी नेकनूरला गेले. ती बाजेवर होती, बोलायला गेली की घशातून नुसती हवा निघायची. मी पायांवर पडून रडले. तिने माझं डोकं वर केलं आणि त्याच हवेत कुजबुजत विचारलं, "गाठ लगीच सुटली का गं?"

"सुटली, आक्का."

"मग झालं," ती म्हणाली.