पहिलवानाचे खांदे

सैन्याचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात त्याला सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. पण ट्रकखालच्या खड्ड्यात उभं राहून, दोन्ही हात वर करून दिवसभर बोल्ट आवळायचे, हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

खांदे केव्हाच कुरकुरायला लागले होते. पण खांदा गेला असं फोरमनला कळलं की माणसाची रवानगी थेट गोदामातल्या टेबलावर. तिथे बसून माश्या मारण्यापेक्षा दुखणं बरं, म्हणून हा पठ्ठ्या मूग गिळून होता.

मग एक दिवस नवी साधनं तपासून बघणाऱ्या एक बाई पाठीवर घालायचा सांगाडा घेऊन आल्या. दप्तरासारखा चढवायचा, दंडांना पट्टे बांधायचे, की आतल्या स्प्रिंगा हात वरच्या वर तोलून धरत. कामगारांना त्याचा खरंच उपयोग होतो का, हे बाईंना पाहायचं होतं. आठवडाभर सगळ्यांनी तो आळीपाळीने घातला. पहिलवान तर जेवायच्या सुट्टीतही काढेना.

शेवटी बाईंनी फोरमनसमोर सगळ्यांना गोळा करून विचारलं, "सांगाडा नसताना खांदे किती दुखतात?"

"अजिबात नाही!" सगळे छातीठोकपणे म्हणाले.

"आणि घातल्यावर?"

"तेव्हाही नाही!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग उपयोग काय झाला? परत पाठवते."

सांगाडा खोक्यात जायला लागला, तसा पहिलवानाचा जीव खालीवर व्हायला लागला. बोललो तर टेबल, गप्प बसलो तर जन्माची ठणक.

"दुखतात हो!" तो ओरडलाच. "शर्ट घालताना डोळ्यांत पाणी येतं!"

मग वेल्डर पुटपुटला, "माझेही." मग रंगारी. शेवटी खुद्द फोरमनने कॉलर सारून खांद्यावरची औषधी पट्टी दाखवली. "सगळ्यांनाच टेबलावर बसवलं तर ट्रक कोण बघणार? बाई, उघडा ते खोकं."

घरी येऊन पहिलवानाने मोठ्या धीराने बायकोलाही खरं काय ते सांगितलं.

"हे तुम्ही मला सांगताय?" ती हसायलाच लागली. "कपड्यांची दोरी खाली कुणी बांधली? शर्टाचा खिळा? फळीवरचे डबे?"

पहिलवान म्हणाला, "मला वाटलं, तुझेच खांदे गेलेत. तुला वाईट वाटेल म्हणून मी विचारलं नाही."

"माझे खांदे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "तुमच्यासाठी वाकून वाकून कंबर तेवढी गेली. बाईंना विचारा, कंबरेसाठी काही आहे का त्यांच्याकडे."