सीटला डाग नको

भाऊजींच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. दार उघडण्याआधी ते म्हणत, "हात दाखव." मी हात दाखवायची. मग, "पाठ फिरव." पाठ फिरवायची. साडीला कुठं चटणी, तेल, पानाचा रंग लागलेला नाही ना, हे पाहून झालं की स्वारी दार उघडणार. मी अकोल्याच्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांची नखं तपासली, पण माझी नखं तपासणारा माणूस जगात एकच, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आता भाऊजी नाहीत, ताई तर त्यांच्या आधीच गेली. गाडी कुणीतरी घेऊन गेलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती गाडी घेतली. जुनीच, पण आत खऱ्या चामड्याच्या सीटा, मलईच्या रंगाच्या. अमरावतीच्या धुळीत मलईचा रंग! मी म्हटलं, "भाऊजी, काळ्या तरी घ्यायच्या." तर म्हणाले, "काया घेतल्या असत्या तं मळ दिसला नसता, अन् मळ दिसला नाई की माणूस आळशी होते."

रविवारी सकाळी पोर्चमध्ये त्यांचं काम चाले. आधी मऊ ब्रशनं शिवणींतली धूळ काढायची, कारण धूळ असताना पुसलं तर तीच खरवडते. मग जुन्या धोतराचा तुकडा साबणाच्या फेसात बुडवून घट्ट पिळायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. मग कोरडं फडकं, मग सावलीत वाळू द्यायचं, आणि शेवटी बाटलीतलं ते दुधासारखं मलम. शेजारच्या एकानं खोबरेल लावायचा सल्ला दिला, तर भाऊजींनी त्याला फाटकापर्यंत पोचवला. "खोबरेलानं चिकट होते, सारी धूळ धरून बसते. चामडं हाय ते. मेल्यावरबी त्याले तहान लागते, पण काय पाजाचं ते समजा लागते." मे महिन्यात गाडीवर जाड चादर टाकायचे, काचांना आतून पुठ्ठे लावायचे. घरात कूलर नीट चालतो की नाही, याची चौकशी मात्र ताईनं करायची.

माणूस वाईट नव्हता हो. माझे यजमान गेले तेव्हा सगळ्यांत आधी अकोल्याला कोण पोचलं, तर भाऊजी. पुढचं सारं त्यांनीच निस्तरलं, आणि मग मला थोडे दिवस अमरावतीला घेऊन आले. वाटेत बडनेऱ्याच्या आसपास गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्या दिवशी त्यांनी माझे हात पाहिले नाहीत. पण मी बसण्याआधी सीटवर टॉवेल मात्र अंथरला. मला त्याही दिवशी हसू आलं होतं.

गाडी घेतली त्याच वर्षीची पोळ्याची गोष्ट. आम्ही वरूडच्या. माहेरी संत्र्याची बाग, दावणीला बैल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि त्यांना जेवायचं आवतण द्यायचं, ही आमच्या घरची रीत. अमरावतीत ताईकडं कुठले बैल! दर वर्षी मातीची जोडी आणायची बिचारी. त्या वर्षी तिच्या मनात आलं, आपल्याला ओढून नेते ती ही गाडीच. आणि बैलाचा खांदा म्हणजे भार पडतो ती जागा. गाडीत भार कुठं पडतो? माणसं बसतात तिथं. शिवाय पुढच्या दोन्ही सीटांना वरून खांद्यासारखा आकार. झालं! बाई वाटीत तूप-हळद घेऊन गाडीत शिरली आणि दोन्ही सीटांचे खांदे मळून मळून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत बसली.

भाऊजी भाजी घेऊन आले आणि त्यांनी ते पाहिलं. गल्ली बाहेर निघाली, असे ओरडले. "अक्कल गहाण ठेवली काय व? अडाणी ते अडाणीच राह्यली! जनावर हाय काय हे?" ताई वाटी हातात धरून उभी. दुसऱ्या दिवशी पुरणाचं ताट भाऊजींनी बाजूला सारलं, आणि पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. डाग काही निघाला नाही. हळद उन्हात उडते म्हणतात, पण उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं, म्हणून उन्हातही ठेवता येईना. मी फोन केला तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "आता त्या गाडीले मी डाग लागू देत नाई बाप्पा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र भाऊजींचा असा संताप आला होता, की समोर असते तर काही खरं नव्हतं.

त्यानंतर ताई गाडीत बसली की टॉवेल अंथरून, अंग चोरून बसायची. भाऊजींच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. त्यांना वाटलं, चला, शिकली.

काही वर्षं अशीच गेली. मग ताईनं गाडीत बसणंच सोडलं. वरूडला भाचीचं लग्न, तर म्हणे गुडघे दुखतात. अंबादेवीला जाऊ म्हटलं, तर म्हणे घरूनच हात जोडते. भाऊजी माझ्याकडं तक्रार करायचे, "तुह्या बहिणीचं काय बिघडलं समजत नाई. गाडी घेतली कोनासाठी मंग?" मला वाटलं, बरं झालं, आता तरी रुसायला शिकली माझी बहीण. मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मी अकोल्याहून धावत पोचले, तेव्हा तिच्या ओठांत रक्ताचा थेंब नव्हता.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. गर्भाशयाचा कॅन्सर होता, आणि पसरलेला होता. बाईंनी विचारलं, "रक्त जातंय किती दिवसांपासून?" ताई म्हणाली, "होत आले सात-आठ महिने." बाई वैतागल्या. "पाळी कधीचीच गेलेली, तरी एवढं रक्त जातंय. अहो आजी, मग थांबलात कशाला?"

ताईनं अगदी साधेपणानं सांगितलं, "दवाखान्यात याचं म्हंजे गाडीत बसा लागलं असतं न. सीटले डाग पडला असता."

"मग रिक्षानं यायचं!"

"रिक्षानं आली असती तं यायनं विचारलं असतं न, घरची गाडी असताना रिक्षा कावून म्हणून."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. मी भाऊजींकडं पाहिलं. ते समोरच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

मग नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी ताई टॉवेल आणि वर प्लास्टिकचा कागद घेऊनच बाहेर आली. भाऊजींनी दोन्ही तिच्या हातातून काढून घेतले आणि डिकीत टाकले. म्हणाले, "बस अशीच." ती दाराशी उभीच. "बस न व. होऊ दे घाण. पुसल्या जाते सारं." शेवटी बसली, पण सीटच्या कडेला टेकल्यासारखी, वरचा दांडा हातानं धरून. अमरावती ते नागपूर. भाऊजी दर थोड्या वेळानं म्हणत, "टेकून बस न. पाठ टेक." ती म्हणे, "बसली हाओ मी बरी." मी मागच्या सीटवरून तिची ताठ पाठ पाहत होते. शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, पुढच्या सगळ्या फेऱ्यांना ती तशीच गेली आणि तशीच आली. तिनं एकदाही पाठ टेकली नाही, आणि मरेपर्यंत त्या सीटला डाग पडू दिला नाही.

दिवाळीनंतर ती वारली, घरीच.

उन्हाळ्यात मी भाऊजींना पाहायला गेले. गाडी पोर्चमध्ये नव्हती, फाटकाबाहेर भर उन्हात उभी होती, ना चादर, ना पुठ्ठे. आत डोकावले तर सीटा तडकलेल्या, शिवणींवर धूळ चढलेली. मी म्हटलं, "भाऊजी, गाडी आत घ्या. सीटा गेल्या सगळ्या." ते म्हणाले, "जाऊ दे." मी चहा केला. कप पुढ्यात ठेवला, तो तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "सुमन, तिनं मले तवाच सांगतलं असतं, तं मी तिच्यावर रागावलो असतो काय?"

मी तोंडाची फटकळ. आयुष्यभर त्यांच्याशी भांडत आले. म्हटलं, "हो. रागावला असतात."

त्यांनी मान हलवली. "हो. रागावलो असतो. बोल बोल बोललो असतो." "पण त्याच गाडीत घालून नेली असती व तिले दवाखान्यात. तवाच्या तवा नेली असती. हे काय तिले माईत नोतं?"

कुठल्याही बाईनं अशा वेळी खोटं बोलावं. म्हाताऱ्या माणसाला तेवढा आधार द्यावा. पण माझ्या डोळ्यांसमोरून ताईची ती ताठ पाठ हलेना.

"नाही, भाऊजी," मी म्हणाले. "तिला माहीत नव्हतं."