पाहून मोडायची घरं

“पाह्यलं म्या. आता मोडून टाक.”

आमच्या शाळेतले मातीकामाचे गुरुजी दिवसातून वीसेक वेळा हे म्हणत. पोराने बैल केलेला असो की चूल, गुरुजी समोर उकिडवे बसत, दोऱ्याने बांधलेला चष्मा वर सरकवत आणि ती वस्तू चहूबाजूंनी बघत. मग हे वाक्य. पोर आपल्याच हाताने बैल चेपून टाकी. गोळा पुन्हा फुटक्या रांजणाच्या बुडात, ओल्या गोणपाटाखाली जाई.

मी मोर्शीची. ट्रेनिंग संपवून अमरावतीच्या त्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. तेव्हा शाळाशाळांत मूलोद्योग आला होता. इतर शाळांची मुलं टकळीवर सूत काढत, आमची माती मळत. गुरुजींच्या टाचणवहीत रोज एकच मजकूर. उद्देश : माती. साहित्य : माती. हेडमास्तर वैतागून म्हणाले, “अहो, निष्पन्न काय झालं तेही लिहीत जा.” दुसऱ्या दिवशी गुरुजींनी लिहिलं, ‘निष्पन्न : माती.’ त्यांच्या कानाच्या पाळीलाही कायम वाळलेली माती असे. आम्ही बायका त्यावरून त्यांची खूप थट्टा करत असू.

दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. आपण तिला कुसुम म्हणू. खरं नाव लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे. मी खडू घेऊन हात उचलला की ती माझ्या टेबलाखाली शिरे. बोलत तर नसेच. हजेरीला तिच्या वतीने शेजारची मुलगी ‘हजर’ म्हणे. आईला बोलावलं, तर ती पदर कपाळावर ओढून आली. ओठ फाटलेला. “विहिरीच्या पायरीवर पडली मी,” म्हणाली. हेडमास्तर म्हणाले, “घरचा मामला आहे.” मीही मान हलवली. त्या काळी सगळेच हलवत, असं म्हणून मी स्वतःला सोडवून बघते, सुटत नाही.

गुरुजींनी कुसुमला काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर तिला रांजणाशी बसवलं, गोळा हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून स्वतः माती मळत बसले. आठवडाभर ती गोळा नुसता दाबत राहिली. मग एके दिवशी तिने घर केलं. भिंती, चूल, खाट. चुलीशी आडवी पडलेली बाई. दारात पुरुष, त्याचा एक हात त्याच्या अंगाएवढा. खाटेखाली वाटाण्याएवढी गोळी.

गुरुजींनी गोळीकडे बोट दाखवलं. “हे कोन होय, माय?”

“मी.”

मी दाराशी उभी होते. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“पाह्यलं म्या. आता मोडून टाक.”

तिने आधी तो पुरुष चेपला.

“एवढं केलेलं मोडायला का लावता?” मी नंतर विचारलं.

“बाई, लेकरू घरचं कोनाले सांगू शकत नाई. इथं सांगते. सांगून झालं का तिच्याच हातानं मिटलं पायजे. राह्यलं, तं भलताच कोनी पाहीन.”

मग रोज तेच घर. पण खाटेखालची पोर हळूहळू बदलत होती. गोळीला डोकं आलं, हात आले. वर्गात कुसुम स्वतः ‘हजर’ म्हणू लागली. दिवाळीनंतर एकदा गुरुजी भरल्या हातांनी माझ्या वर्गात धावत आले. “बाई, चाला! पोरीचं मुंडकं खाटेबाहेर आलं!” नातू झाल्यासारखा चेहरा. “चार-आठ रोजात पुरी बाहेर येते, पाहा तुमी.”

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी निघाली. पालकांनाही बोलावलं होतं. हस्तकलेच्या टेबलावर ठेवायला गुरुजींची एकही वस्तू नव्हती आणि ते स्वतः लग्नाला चांदूर बाजारला गेलेले. त्यांचा शेरा बिघडू नये असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर साहेबांची शाबासकीही हवी होती. मी कुसुमला म्हटलं, “आजचं घर मोडू नको, मी ठेवते.” ती गोंधळली, मग लाजून हसली. मी ते सावलीत वाळवलं, चिठ्ठी लावली : ‘आमचे घर. कु. कुसुम, इयत्ता दुसरी.’ खाटेबाहेरचं डोकं मला दिसत होतं. दारातला तो हात रोज बघून सवयीचा झाला होता.

साहेब ‘उत्तम’ म्हणून गेले. मग तिचा बाप आला. कापसाच्या जिनात कारकून, पांढरी टोपी, मऊ आवाज. टेबलाशी बराच वेळ उभा राहिला. “पोरीनं केलं? घरी नेऊ का, बाई? तिच्या मायले दाखवतो.” मी शाबासकीने फुगलेली. घर रद्दीत बांधून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून कुसुम आली नाही. परतल्यावर गुरुजी तिच्या घरी गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या संध्याकाळी लय आरडाओरड झाली. आता अकोल्याच्या जिनात नोकरी धरून सारे गेले.

“ते घर कुठी हाये, बाई?” गुरुजींनी मला विचारलं.

“नेलं त्याने.”

“हिसकून?”

मी खाली बघितलं. ते त्यांनी ‘हो’ समजून घेतलं.

पुढे त्यांच्या सगळ्या रजा अकोल्यात गेल्या. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा. बडनेऱ्याला गाडी बदलून जात आणि शाळा सुटायच्या वेळी एकेका फाटकाशी उभे राहत. “आज नाई भेटली,” म्हणून गोळा पुन्हा रांजणात टाकत. साठ सालानंतर माझी बदली अकोल्याला झाली, तेव्हा केवढे खूश झाले! मीही फाटकं पालथी घातली. ती भेटली नाही.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला गेले. सांगून टाकायचं, असं गाडीत पक्कं ठरवलं होतं. त्यांचा कान स्वच्छ पुसलेला होता.

“बाई, पोरगी खाटेबाहेर आली असन का वो?”

“आली असेल, गुरुजी.”

“तुमी मनाले लावून घेऊ नका. बापानंच हिसकून नेलं, तं तुमी तरी काय करसान?”

त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि नमस्कार करून निघाले. पंधरा दिवसांत गुरुजी गेले.

गुरुजी, त्याने हिसकून नेलं नव्हतं. मी दिलं होतं. पोरीचं डोकं वाटेत मोडू नये म्हणून भोवती कापूस भरून दिलं होतं.