पिवळी पिन

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी टीव्ही लावला. म्हणजे मी टीव्हीच्या मागं उभा राहून पिवळी पिन धरली आणि बायको पुढं बसून सांगत राहिली. "आलं... गेलं... जरा वर घ्या. हां, आलं बघा. आता हलू नगासा."

केबलच्या बॉक्सपासून टीव्हीत जाणारी ती पिन ढिली होती. डाग देऊन आणली तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. बोटानं तिरकी दाबली की चित्र यायचं, सोडली की निळा पडदा. आवाज तेवढा चालू. तिची मालिका संपेपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभा. जाहिराती लागल्या की म्हणायची, "सोडा जरा, हाताला कळ लागली आसंल."

त्याच रात्री ती झोपेत गेली.

तेरावं झालं आणि सगळ्यांना तो टीव्ही खुपायला लागला. आधी केबलवाला बावड्यातल्या आमच्या घरी आला. "आजोबा, जुनी लाईन काढायलोय. नवा बॉक्स फुकट हाय. पण त्येची पिन तुमच्या टीव्हीला बसत न्हाय. टीव्ही बदलाय लागतोय."

"मग बसंल असा बॉक्स आण."

"तसला आता येत न्हाय की."

"येत न्हाय तर हाय तो काढतोस कशाला?"

तो हसला. असल्या हसण्यानं माझं डोकं उठतं.

मग राजारामपुरीतनं मुलगा आला. "आबा, भिंतीवरचा टीव्ही घेऊन देतो. बटण दाबलं की चालू. कुणी मागं उभं राहायला नको."

"एका पिनेपायी चांगला टीव्ही टाकायचा? माझा गुडघा दुखतोय, मला टाकतोस काय?"

"त्याला दोघं लागतात, आबा," तो म्हणाला.

मी इरेला पेटलो. संध्याकाळी भिंतीवरचा आरसा काढला, समोरच्या खुर्चीत उभा केला. मागं जाऊन पिन दाबली. आरशात चित्र आलं. उलटं, पण स्वच्छ. "बघ," मी म्हटलं, "एकट्याला जमतंय."

मुलगा बघत राहिला. मग म्हणाला, "ती हिरव्या साडीतली कोण?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं नुसत्या आवाजावरनं सासू कोण, सून कोण, कुणी कुणाचं दूध नासवलं, सगळं ठाऊक होतं. पण तोंड हलल्याशिवाय बाई ओळखू येईना. धाकटी जाऊ मी चांगली जाडजूड धरलेली, ती निघाली काडी. दहा मिनिटं आरशात बघितलं. त्या बायांचं काय का होईना, मला काही पडलेली नव्हती. पिन सोडली. राग आता कुणावर काढावा तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स, रिमोट, वायर पिशवीत भरली आणि केबलवाल्याचं दुकान गाठलं.

"आजोबा, तुम्ही कशाला आलासा? दुपारी येतोय की नवा बसवायला."

"बसवू नगोस. कनेक्शन बंद कर."

"आसं कसं? फुकट देतोय की. मग दिवसभर बघणार काय?"

"मी कवा बघत हुतो?"

त्याला काय ते कळलं नाही. त्यानं कागद पुढं केला. मी सही केली, पिशवी त्याच्या टेबलावर रिकामी केली आणि तिथूनच मुलाला फोन लावला, टीव्ही घेऊन जा म्हणून.