दशपर्णी अर्काचा ड्रम आणि आमचे किशनराव

ज्या कामाला वास येतो, त्या कामाचे किस्से लय साचतात. कारण सोपं आहे. वास मारणाऱ्या माणसाजवळ दुसरं कुणी बसत नाही, मग आपली आपणच एकमेकांत गप्पा मारत बसतो! आमचा गट असाच. ताडकळसजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच-सहा शेतकरी मिळून पिकावरच्या किडीसाठी घरचं औषध बनवतो. निंबोळी अर्क तर असतोच, पण मुख्य म्हणजे दशपर्णी अर्क. कडुनिंब, सीताफळ, रुई, निरगुडी असा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात घालायचा, ड्रममध्ये महिनाभर कुजवायचा आणि रोज ढवळायचा. ड्रम किशनरावांच्या अंगणात, म्हणून गटाचे म्होरकेही तेच.

या ड्रमवर किशनरावांच्या मालकीण, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, पहिल्या दिवसापासून नाराज होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तूर घरात येईपर्यंत बघते. अळीनं तूर खाल्ली, की हा ड्रम उकिरड्यावर! मंग मी दुकानातलं औषध आणून मारते."

किशनरावांनी तोंडानं "बरं" म्हटलं, पण चेहरा पडला. गावभर अर्काचं भाषण देऊन झालेलं. आता ड्रम गेला तर पारावर बसायची सोय राहिली नसती.

*

पाल्याची एक जुनी खूण आहे. शेळी ज्याला तोंड लावत नाही, तो पाला औषधाचा. किशनरावांनी ही गोष्ट फारच मनावर घेतली. शेजारच्या मारोतीची शेळी मागून आणली आणि तिच्यापुढं आमच्या दहा झाडांची एकेक फांदी धरायला लागले. शेळीनं करंज खाल्ला, पपईचं पान खाल्लं, एरंडावर तर तुटूनच पडली. शेवटी किशनरावांच्या उपरण्याचं टोक चघळायला लागली.

मी म्हटलं, "किशनराव, आता?"

"शेळीच खोटी हाय," ते म्हणाले. "दुसरी आणा!"

*

अर्क नीट गाळला नाही तर पंपाचं नोझल तुंबतं. पहिल्या वेळी आमची अर्धी संध्याकाळ नोझल फुंकण्यात गेली. दुसऱ्या वेळी किशनरावांनी घरातून एक झकास मऊ कापड आणलं. अर्क असा गाळला, की एक काडी खाली आली नाही. आम्ही वा वा केली.

ते कापड म्हणजे सासुरवाडीचा आहेरातला फेटा होता! आणि धाकट्या मेहुण्याचं लग्न पुढच्याच आठवड्यात, पूर्ण्याला. वहिनींनी फेटा धुतला, उन्हात टाकला, अत्तर लावलं. तरी मांडवात किशनराव बसले, की आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या व्हायच्या. एक म्हातारे पाव्हणे नाकाला रुमाल लावून म्हणाले, "जावईबापू, गोठ्यातून थेट आलात का?"

किशनराव शांतपणे म्हणाले, "मामा, ह्या कोपऱ्यात एक तरी डास दिसायलाय का?"

*

निंबोळी अर्कानं अळी लगेच मरत नाही. तिचं खाणं सुटतं, मग ती उपाशी मरते. हे किशनराव आम्हालाच समजावून सांगायचे. पण तुरीला फुलं लागली, अळी दिसली आणि फवारणी झाली, तशी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन.

"लवकर ये! अळी जिती हाय!"

मी गेलो. किशनराव तुरीच्या झाडापुढं उकिडवे बसलेले, नाक अळीला लागेल इतक्या जवळ.

"खायलीय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग चांगलंय की."

"कशाचं चांगलं! नुसती बसून हाय. माझ्याकडंच बघायलीय!"

*

अळ्या वेचायला पक्षी यावेत म्हणून तुरीत जागोजागी काठ्या रोवतात. त्यांना पक्षीथांबे म्हणतात. किशनरावांनीही रोवले. पण पक्षी काही बसेनात. सगळ्यांच्या रानात साळुंक्या, कोतवाल, आणि किशनरावांचे थांबे मोकळे.

वहिनी भाकरी घेऊन शेतात आल्या, त्यांनी एकदा थांब्यांकडं पाहिलं, एकदा बांधाकडं. बांधावर किशनरावांनीच उभं केलेलं बुजगावणं, त्यांचाच जुना सदरा घालून, दोन्ही हात पसरून!

"पाव्हण्याला बोलवायचं आणि दारात कुत्रं बांधायचं," वहिनी म्हणाल्या आणि भाकरीचं फडकं सोडायला बसल्या.

*

आणि तरीही तूर आली. शेंगा अशा लगडल्या, की ड्रमची बातमी पालमपर्यंत गेली. तिकडचे दहा-बारा शेतकरी जीप करून बघायला आले. किशनराव इस्त्रीचा सदरा घालून ड्रमजवळ उभे. पाला कोणता, ढवळायचं कसं, सगळं सांगून झालं. रोज पहाटे उठून आपण तासभर सावकाश कसं ढवळतो, तेही करून दाखवलं. मला त्या दिवशी त्यांचा खरंच अभिमान वाटला.

एक पाव्हणे वहिनींना म्हणाले, "ताई, तुमी सांगा. एवढी अळी हटली कशानं?"

वहिनी चहा देत होत्या. "अर्कानं अळी सुस्त पडती," त्या म्हणाल्या. "मंग मी पहाटे तुरीच्या ओळींमधी जुनं लुगडं अंथरते, झाड हलवते. अळ्या पटापट खाली. कोंबड्यांला घालते."

किशनरावांच्या हातातली काठी ड्रममध्येच थांबली. "रोज? मला कसं दिसलं न्हाई?"

"तुमी ड्रम ढवळत असता की."

किशनरावांनी जड आवाजात विचारलं, "मंग आता ड्रमचं काय? उकिरड्यावर?"

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "अजून एक आणा म्हणते मी. तेवढा वेळ तुमी तुरीत तरी येत न्हाईत!"